समोरच्या बाजूचा हुंकारा

१२ नोव्हेंबर, वाशीम

तास संपवून बाहेर आले तर वर्गाच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, टोपी हातात. "मराठीच्या मॅडम तुमीच का?" मी हो म्हटलं. नाव मारोतराव. शेलूबाजारच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला मोहटेक म्हणून आंध आदिवासींची वस्ती आहे. तिथल्या वनहक्क समितीचे ते अध्यक्ष.

वस्ती ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर आहे आणि तिला अतिक्रमणाची नोटीस आली आहे. मारोतरावांचं म्हणणं, ही आमची मूळ जागाच नाही. मूळ वस्ती वर जंगलात होती. जर्मनच्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, सरकारला फौजेसाठी सागवान पाहिजे होतं. तेव्हा इंग्रजी अमलातल्या जंगल खात्यानं वस्ती जाळली आणि लोकांना खाली हाकललं.

"आता इथूनबी उठवत असतीन, त आमाले वरती आमच्या पांढरीवर जाऊ द्या. कायद्यात बसते म्हनते."

वस्ती ज्या मातीवर होती तिला पांढरी म्हणतात. कायद्यात खरंच बसतं. संध्याकाळी वाचून काढलं. ज्या आदिवासींना पुनर्वसन न देता जंगलातून बेकायदा उठवलं, त्यांना त्या जागेवर किंवा पर्यायी जागेवर हक्क मागता येतो. दावा नीट लिहून द्यायचा आहे आणि पुरावे जोडायचे आहेत.

मीच का, असं विचारलं. "तुमी तिकडच्याच हा. अन् चांगलं लिवता म्हनते."

माझं गाव मोहटेकपासून फार दूर नाही. तरी मी तिथे कधी गेलेले नाही. आमच्याकडचं कोणीच जात नाही. कारण काही नसावं, त्या बाजूला रस्ता नाही.

हो म्हणून बसले. आजवर जे लिहिलं ते पुस्तकांवर. कामाचं सगळं रोजच्या रोज टिपून ठेवायचं ठरवलं आहे.

१५ नोव्हेंबर

मोहटेकला गेले. शेलूबाजारपर्यंत एसटी, पुढे मारोतरावांच्या गाडीवर. तुरीच्या शेतांमधून पायवाट आहे. घरं टिनाची, अंगणं सारवलेली.

लढाईचं साल डोळ्यांनी पाहिलेली एकच व्यक्ती वस्तीत उरली आहे. रुपाबाई. तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते, एवढाच वयाचा हिशेब. मारोतराव त्यांना मोठी माय म्हणतात. कान शाबूत, डोळे कमी. मोबाइल समोर ठेवला तर त्यांनी तो उलटा केला. "थो डोया मिटून आयकते ना?" सगळे हसले.

मग सुरू झाल्या. "कापूस येचाचे दिवस होते. मानसं सारे लाकडं तोडाले नेले होते, बेगारीनं. वस्तीत बायका अन् पोट्टे. सकाळच्याले डफडं आयकू आलं."

मी हं म्हटलं.

"नाकेदार घोड्यावर होता."

नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा रखवालदार. मी पुन्हा हं म्हटलं. त्या थांबल्या.

"तू काहून हूं म्हनून राह्यली?"

"सवय आहे, माय. ऐकते आहे म्हणून."

"कोनाची तू?"

गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. त्यांना समजलं नाही. मग म्हटलं, इंद्रभानची नात.

त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. "जिता हाय इंद्रभान?"

"आहेत. नव्वदीला आले."

"दात हायेत?"

"नाही."

"मलेबी नाई," म्हणून हसल्या. पुढचं काही सांगितलं नाही. "बयान मंग सांगीन. आज नाई." थकल्या असाव्यात. या वयात एका बैठकीत सगळं मिळणार नाही, हे धरून चालायला हवं होतं. सुनेनं चहा दिला. चहा गुळाचा होता, चांगला.

१६ नोव्हेंबर

कालचं टिपण स्वच्छ लिहून काढलं. "सकाळच्याले डफडं आयकू आलं" याचं "सकाळच्या सुमारास दवंडीचा आवाज ऐकू आला" असं केलं. वाचायला बरं झालं. नंतर दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहिली. दुसऱ्यात आवाज येत नाही. तरी तेच ठेवलं, कारण ते कार्यालयात जाणार आहे.

१९ नोव्हेंबर

नवी अडचण. वयोवृद्धांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. नियमातच तसं आहे. दावा साऱ्या वस्तीचा, म्हणजे रुपाबाई दावेदार. त्यांनी सांगितलेलं दाव्यात येईल, पुराव्यात धरलं जाणार नाही. बाहेरचा कोणी म्हातारा माणूस पाहिजे, ज्यानं वरची वस्ती पाहिली आहे.

मारोतरावांना फोन केला. ते म्हणाले, "आमचा मानूस चालत नाई त." तक्रारीचा सूर नव्हता. वाट पाहत असल्यासारखे बोलले.

"माझे आजोबा आहेत की, आबाजी," मी म्हटलं. माझंच मला बरं वाटलं, इतकं सोपं उत्तर घरातच होतं.

"पाहा मग इचारून," ते म्हणाले.

२२ नोव्हेंबर, गावी

आबाजी ओट्यावर उन्हाला बसले होते. विचारलं. मोहटेकची जुनी वस्ती आठवते का?

"नाई."

"डोंगरावर होती म्हणतात. लढाईच्या साली."

"नाई बा."

लढाईचं मात्र त्यांना सगळं आठवतं. रॉकेल मिळत नव्हतं, करडईच्या तेलाचा दिवा लावायचे. ज्वारी सरकार उचलून न्यायचं. शेलूबाजारात एक शिपाई भरतीसाठी बिगुल घेऊन यायचा आणि पोरं त्याच्या मागे पळायची. बिगुलाचा आवाजही काढून दाखवला. मी पुन्हा मोहटेक म्हटलं तर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणे ऊन डोळ्यांवर येतं. ऊन पाठीवर होतं.

आई म्हणाली, "बुढ्याच्या मांगं नको लागू."

नव्वदीत स्मृती अशीच तुटक होते. काही कप्पे उघडे, काही बंद. वर्गात यावर शिकवते, घरात पाहिलं नव्हतं. दुसरा कोणीतरी शोधावा लागेल.

२९ नोव्हेंबर

जागेची पाहणी झाली. मारोतराव, वस्तीतली चार माणसं, तलाठी आणि जंगल खात्याकडून वनरक्षक निकिता. निकिता पंचविशीची, वर्दीत, चढ आमच्यापेक्षा भराभर चढणारी. तलाठी दोनदा बसले.

वर एक सपाट पट्टा आहे. जोत्यांचे दगड दिसतात, एक फुटकं जातं मिळालं. फोटो काढले. एका खळग्यात दगड भरलेले आहेत. मारोतराव म्हणाले, ही विहीर. निकिता म्हणाली, "खदानबी असू शकते, दादा. माह्या नकाशात विहीर नाई." ती खोटं बोलत नव्हती. नकाशात विहीर नाहीच.

उतरताना मारोतरावांना विचारलं, रुपाबाई का सांगत नाहीत? तेव्हा त्यांनी हुंकाऱ्याचं सांगितलं. वस्तीत भांडण झालं की बैठक बसते. ज्याची तक्रार त्यानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला समोरच्या बाजूच्या माणसानं हूं म्हणायचं. हूं म्हणजे कबूल नव्हे. हूं म्हणजे ऐकलं. आपल्या माणसानं दिलेला हुंकारा धरत नाहीत. समोरच्यानं दिला नाही तर सांगणारा थांबतो.

"मोठ्या मायनं थे गोठ कोनालेच पुरी सांगतली नाई," ते म्हणाले. "आमालेबी तुकड्या-तुकड्यानं मालूम हाय. बसेल हाय थे, समोरचा येईन म्हनून."

सुंदर पद्धत आहे. यावर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

समोरची बाजू म्हणजे जंगल खातं, म्हणून खाली आल्यावर निकिताला म्हटलं, तू रुपाबाईंसमोर बसून हूं म्हणशील का? ती हसली. "मॅडम, म्या हूं म्हटलं अन् उद्या साहेबानं इचारलं, काहून म्हटलं, त?" तरी आली, कारण जीव चांगला. रुपाबाईंनी तिचा हात हातात घेऊन चाचपला. "हे पोरगी कालची हाय. इच्या घरच्यानं थोडीच लावली." मग निकिताला बोरं दिली.

म्हणजे खातं चालत नाही, घर पाहिजे. ज्यानं आग लावली त्याचं घर. काम अवघड आहे, पण आता निदान दिशा कळली.

३ डिसेंबर

नाकेदाराच्या वारसांचा शोध. निवृत्त वनपाल एक वाशीमला स्टेशनजवळ राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी अकोल्याचे दोघे सुचवले, त्यांनी अमरावतीचा एक. अमरावतीच्या गृहस्थांनी आपले आजोबा नाकेदार नसून पोस्टमन होते, हे बरंच समजावून सांगितलं.

मारोतरावांना हे सगळं फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "पाहा मॅडम. सापडला त ठीक." त्यांना फार उत्साह दिसला नाही. नोटिशीची मुदत जवळ येते आहे आणि मला पोस्टमन सापडत आहेत.

७ डिसेंबर, गावी

काल महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात अभिवादन झालं. संघदीप, माझा भाऊ, दरवर्षीप्रमाणे बोलला. पणजोबांवर बोलला. आमचे पणजोबा गावचे वेसकर होते. पहारा, निरोप, दवंडी, साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढे धावणं, गाव सांगेल ते काम. संघदीप म्हणाला, "छप्पन साली धम्म घेतला अन् त्याच दिवशी गावकीचं डफडं फेकून देलं. असा आपला पणजोबा." टाळ्या पडल्या.

आबाजी माझ्या शेजारी खुर्चीवर होते. टाळ्यांत म्हणाले, "त्याच्या आंधीच फेकलं. लढाईच्या साली."

मी त्यांना वर्षांचा घोळ होतोय असं हळूच म्हटलं. धर्मांतर छप्पनचं.

आज सकाळी त्यांनी अन्न घेतलं नाही. आई म्हणते, रात्रीचा गारठा बाधला.

१४ डिसेंबर, गावी

मारोतरावांनी निरोप पाठवला होता. निरोप मला नव्हता, आबाजींना होता. "मोठी माय म्हनते, इंद्रभानले सांगा, बुढी अजून हाय."

मी तो जसाच्या तसा सांगितला. आबाजींनी मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाले, "तिले माहीत हाय म्या कोन."

"कोण म्हणजे?"

ते उठून आत गेले. आईनं सांगितलं. ती सून म्हणून या घरी आली तेव्हा तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, आणि पुन्हा बोलायचं नाही असंही सांगितलं होतं. मोहटेकला आग नाकेदाराच्या हुकुमानं लागली. लावली आमच्या पणजोबांनी. आबाजी लहान होते, बरोबर गेले होते.

म्हणजे मी पंधरा दिवस अकोला, अमरावतीला फोन करत होते.

मारोतराव कॉलेजात आले ते माझ्या मराठीसाठी आले नव्हते, असं आता वाटतं. विचारलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील.

संघदीप संध्याकाळी आला आणि ऐकून तापला. "आपन काय हौसेनं लावली का? वेसकराले नाई म्हनता येत होतं का? चाबकानं फोडलं असतं. ज्यानं हुकूम देला थो गेला लंडनले, ज्यानं सागवान नेलं त्या ठेकेदाराचे नातू बंगल्यात हायेत, अन् बयान द्याचं कोनी? आपन. सोसलं बी आपन अन् सांगाचं बी आपन."

त्याचं चूक नाही. मी तसं म्हटलंही.

"मंग सोडून दे थे काम."

सोडावं असं मलाही वाटतं. स्पष्ट लिहिते. दुसऱ्यावर झालेला अन्याय लिहायला मी बसले होते, तेव्हा माझा हात स्थिर होता. आज दोन ओळी लिहून खोडल्या. कॉलेजच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, असं मारोतरावांना सांगता येईल. परीक्षा खरंच जवळ आल्या आहेत.

१८ डिसेंबर

आईचा फोन. आबाजी धुतलेला सदरा मागताहेत. कशाला विचारलं तर म्हणाले, बुढीनं बोलावलं हाय.

२१ डिसेंबर

आज जबाब झाला. लगेच लिहिते आहे, नाहीतर उद्या मी ते सुधारून लिहीन.

मोहटेकच्या शाळेच्या वऱ्हांड्यात समितीची बैठक होती. तलाठी आणि निकिता सरकारी बाजूनं हजर. आबाजींना जीपनं आणलं. संघदीप येणार नव्हता, पण जीप त्यानंच चालवली. वऱ्हांड्यात आला नाही, खाली जीपमध्ये बसून राहिला.

रुपाबाईंना सुनेनं धरून आणलं. दोघांना समोरासमोर बसवलं. मध्ये चटई रिकामी. नमस्कार झाला नाही.

"इंद्रभान का?"

"हूं."

"आयकतं का तुले?"

"एका कानानं."

"मंग थो कान इकडं कर."

वस्तीतल्या बायका हसल्या. आबाजींनी खरंच मान वळवून चांगला कान पुढे केला.

त्या सांगू लागल्या. मी बोललेलं तसंच उतरवलं.

"कापूस येचाचे दिवस होते."

"हूं."

"मानसं नेले होते लाकडं तोडाले. लढाईसाठी पाह्यजे म्हने. कोनती लढाई, कोनाची, आमाले काय मालूम."

"हूं."

"नाकेदार घोड्यावर होता. उतरला नाई. म्हने, ठेकेदाराच्या मानसाले इथं पानी पाह्यजे, छपरं पाह्यजे नाई. तुमाले सांगून झालं. माही आजी म्हने, मानसं येऊ द्या, मंग निंघतो. थो म्हने, वेसकर, लाव."

आबाजी गप्प. त्या थांबल्या. तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर जीपचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"हूं," आबाजी म्हणाले.

"तुया बापानं भांडे काढू देले. थे म्या बोलीन. भांडे काढू देले, मंग लावली. एका कडून लावत गेला, दुसऱ्या कडापरेंत."

"हूं."

"बियाचं मडकं आत राह्यलं. ज्वारीचं. म्या मांगं पयाली. त्यानं मले धरलं अन् भाईर फेकलं. हे कोपर तवा मोडलं. वाकडंच बसलं."

त्यांनी हात पुढे केला. आबाजींनी पाहिला. "हूं."

"त्या हिवाळ्यात माहा भाऊ गेला. पाळन्यातला होता. खाली छप्पर नोहोतं."

"हूं."

"एवढंच हाय."

"हूं."

मला वाटलं झालं. कागद पुढे ओढला, आबाजींचा अंगठा घ्यायला. ते म्हणाले, "थांब. आता माहं."

मारोतरावांनी रुपाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. नाही असंही म्हटलं नाही.

आबाजी म्हणाले, "आमी अंधारातून चालून येल होतो. बापाच्या गळ्यात डफडं, पायात काई नाई. नाकेदार मांगून येनार होता. तुयी आजी विहिरीवर पानी भरून राह्यली होती. बाप दुरून म्हने, माय, पोराले पानी वाढ. थे म्हने, तिकडं हो, विहिरीवर सावली पडते तुयी. एक कातय होता, मोठा खडक, विहिरीच्या वरच्या अंगाले. त्याच्यापाशी आमाले उभं केलं. आमी उभे राह्यलो. तिनं घागर भरली अन् गेली."

मी रुपाबाईंकडे पाहत होते. त्यांचं तोंड हलत होतं, पण दात नसले की तोंड हलतंच. निकितानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तवा सारेच तसं करत," मारोतराव हळूच म्हणाले.

"तू चूप," रुपाबाई म्हणाल्या. मग आबाजींना म्हणाल्या, "हूं."

"पानी देलं असतं तरी लावाच लागली असती," आबाजी म्हणाले. "नाई लावली त थो आमाले जित्ता ठेवत नोहोता. पन बापाचा हात थरथरला असता. त्या दिवशी थरथरला नाई. म्या पायलं."

इथे त्यांनी सुनेचा हात धरला. मला वाटलं आता उठतील.

"हूं," रुपाबाई म्हणाल्या.

"घरी येऊन त्यानं डफडं विहिरीत टाकलं. आमच्या. मंग गावकी केली नाई. गावानं मारलं, तरी केली नाई."

"हूं."

तलाठ्यांनी विचारलं, "हे पान्याचं वगैरे लिहायचं नाही ना मॅडम? विषयाला धरून नाही." मी लिहीत होते.

सून तांब्या आणि ग्लास घेऊन आली. रुपाबाईंनीच सांगितलं असावं. ग्लास भरून त्यांनी चाचपत आबाजींसमोर ठेवला. आबाजींनी तो पाहिला.

"आता तहान नाई, बाई."

मी म्हटलं, आबाजी, घ्या थोडं. वस्तीतल्या बाईनं दिलेलं पाणी नाकारणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी ऐकलं नाही. दुसरा कान माझ्याकडे होता. रुपाबाईंना वाईट वाटलेलं दिसलं नाही. ग्लास मध्ये तसाच राहिला. मग तलाठ्यांनी तो उचलून पिऊन टाकला. त्यांना तहान लागली होती.

परतताना जीपमध्ये संघदीपनं विचारलं, काय झालं? आबाजी म्हणाले, "आयकलं तिनं." आणि झोपले.

२४ डिसेंबर

मारोतराव वाशीमला आले. कँटीनमध्ये बसलो. ते चहा ढवळत राहिले. "मॅडम, थो विहिरीवरचा भाग कायले? आमच्या पोराइले कसंतरी वाटून राह्यलं. दाव्यात आमीच आमची बदनामी लिवून द्याची? अन् पुढे वाचनारा साहेब कोन असीन, काय सांगता येते?"

संध्याकाळी संघदीपचा फोन. "पणजोबानं आग लावली, हे सरकारी कागदावर जानार का? नाव काढ. सरकारी नोकरानं लावली, असं लिव. खोटं त नाई."

दोघांचंही म्हणणं मला पटलं. बसून नवा मसुदा केला. "सन १९४३च्या सुमारास जंगल खात्याच्या आदेशाने शासकीय सेवकांकरवी वस्तीस आग लावण्यात आली, असे शेजारील गावचे ज्येष्ठ नागरिक श्री. इंद्रभान यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे." पाणी नाही, पणजोबा नाही. नीट, घट्ट, एका पानात बसलं. इतकं चांगलं मी या कामात अजून लिहिलेलं नव्हतं.

२८ डिसेंबर

मोहटेकला ग्रामसभेत मसुदा वाचून दाखवला. आबाजी आले नव्हते. वस्तीतली सगळी माणसं होती. वाचताना मी मधेमधे थांबत होते. कोणी हूं म्हटलं नाही. शेवटी मारोतराव म्हणाले, मजबूत हाय. पोरांनी माना हलवल्या.

रुपाबाई खाटेवरून म्हणाल्या, "चांगलं लिवलं बाई. कोनाचं हाय हे?"

"तुमचंच, माय. आबाजींचं आणि तुमचं."

"माहं नाई. त्याचंबी नाई. त्यानं पानी मांगतलं होतं, थे कुठं हाय?"

मारोतराव समजावायला लागले. साहेब काय म्हणतील, पोरांना काय वाटेल. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्या हूं म्हटलं त्याले," त्या म्हणाल्या. "साऱ्याइच्या समोर म्हटलं. आता त्याची तहान काढशीन त माही आगबी काढ. अन् मंग रिकामा कागद दे साहेबाले."

एक पोरगा म्हणाला, "पन मोठी माय, जागा गेली त?"

"म्या कवा म्हटलं जागा नको? जागा मलेच पाह्यजे. तुले काय, तू पुन्याले जाशीन."

हसू झालं, पण निर्णय झाला नाही. बरंच बोलणं झालं. काही बायका रुपाबाईंच्या बाजूनं, बहुतेक तरुण विरोधात. मला विचारलं तेव्हा मी, दोन्ही प्रकारे देता येईल, असं म्हटलं. ते खरं होतं आणि कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. शेवटी मारोतराव उठले. म्हणाले, हुंकारा घेऊन मग शब्द बदलला असं वस्तीत कधी झालेलं नाही, आणि ते माझ्या अध्यक्षपदात होऊ देणार नाही. रागानं म्हणाले. राग कोणावर, ते समजलं नाही.

जुनं टिपण, वऱ्हांड्यातलं, जसंच्या तसं जोडायचं ठरलं. मी विचारलं, बोलीतच राहू द्यायचं का? त्यांना प्रश्न समजला नाही.

संध्याकाळी गावी जाऊन आबाजींचा अंगठा घेतला. त्यांना सगळं वाचून दाखवलं. संघदीप दारात उभा राहून ऐकत होता. पणजोबांचं नाव आलं तिथे तो आत येऊन बसला.

५ जानेवारी

दावा दाखल केला. उपविभागीय कार्यालयात मारोतराव आणि मी. लिपिक बाईंनी एकेक जोडपत्र तपासलं. जोत्यांचे फोटो, जात्याचा फोटो, पाहणीचा अहवाल. अहवालात निकितानं खळग्यापुढे लिहिलं आहे, विहीर किंवा खदान, निश्चित सांगता येत नाही.

मग जबाब. बाईंनी पहिलं पान भराभर वाचलं, दुसरं हळू वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा मागे गेल्या.

"हा पाण्याचा भाग कशासाठी जोडला आहे? हा कशाचा पुरावा?"

मी उत्तर जुळवत होते. सामाजिक संदर्भ, समग्र कथन, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. मारोतराव पुढे झाले. टोपी हातात होती.

"विहीर होती, याचा," ते म्हणाले. "बाहेरच्या मानसाले तिच्यापासून दूर उभं केलं होतं. कुठं, थे लिवलं हाय त्यात. वरच्या अंगाले, कातयापाशी. कातय अजून हाय. या पाहाले."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. समासात पेन्सिलनं "विहीर" असं लिहिलं आणि पोचपावतीवर शिक्का मारला.